शिकंज्याच्या डावीकडे

२८ जुलै

ती. ताईस,
नमस्कार. साष्टांग लिहायची पद्धत आहे, पण आज रागाने पाठ वाकत नाही.

पार्सल पोचलं. बाबांनी माझ्या कागदांसाठी बांधलेली फाइल मिळाली. कोपरे सुरेख, नाडी घट्ट, आतला कप्पा अगदी दाखल्याच्या मापाचा. फक्त त्या कप्प्यात दाखला नाही. शाळा सोडल्याचा मूळ दाखला त्यात घालून पाठव, एवढं एकच काम मी निघताना तुला तीनदा सांगितलं होतं. विचारायला फोन केला, तर तू ‘गिऱ्हाईक उभं आहे’ म्हणून ठेवून देतेस. या आठवड्यात चार वेळा गिऱ्हाईक उभं होतं. आपल्या पुस्तकबांधणीच्या दुकानात एवढी गर्दी मी जन्मात पाहिलेली नाही, म्हणून हे पत्र.

प्रवेश मिळालाय, पण कच्चा. मूळ दाखला ३१ ऑगस्टच्या आत ऑफिसात दिला नाही, तर माझी जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार. दोन सप्टेंबरला वर्ग सुरू होतात. मावशीच्या घरापासून कॉलेज चालत एकोणीस मिनिटांवर आहे, आणि मी रोज उगाचच जाऊन येते. भूगर्भशास्त्राच्या खोलीत काचेच्या कपाटांत दगड मांडलेत आणि प्रत्येकाखाली बारीक अक्षरातली चिठ्ठी आहे. खिडकीतून दोनच कपाटं दिसतात, ती माझी पाठ झाली. दारावरचा पहारेकरी मला बघितलं की मी विचारायच्या आधीच ‘अजून नाही’ म्हणतो. ताई, मला रात्र-दिवस दुसरं काही सुचत नाही, आणि ते तुला पक्कं माहीत आहे.

दाखला मी पुस्तकं दाबायच्या शिकंज्याच्या डावीकडे ठेवला होता, बाबांच्या चष्म्याच्या डबीखाली. डावीकडचं गिऱ्हाइकाचं, उजवीकडचं रद्दीचं, हे मला चौथीपासून शिकवलंय. तेव्हा मी कुठेतरी टाकला असेल हे ऐकवू नकोस. शोध आणि पाठव.

लोभाचं नंतर बघू, आधी दाखला असावा.

टाचणी

---

२ ऑगस्ट

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद लिहिणार होते. सध्या एकच पाठवते, तो पुरवून वापर.

बाबांनी तुला टाचणी म्हणायला सुरुवात केली तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. सोळा वर्षांत बोथट काही झाली नाहीस. माणसाने महिनाभर खपून तुझ्यासाठी फाइल बांधली, तर तिच्याबद्दल दीड ओळ आणि माझ्यावर पानभर आरोप.

दाखला इथे नाही. टेबलावर नाही, खणात नाही, फळीवर नाही. निघालीस त्या दिवशी एक चप्पल इथली आणि एक तिथली घालून निघाली होतीस, कोपऱ्यावरून परत आलीस, हे आठवतं का? तुझ्याच बॅगेत बघ. दगड शिकायला चाललीस ते उत्तम. डोक्यात होतेच, आता त्यांची नावंही कळतील.

मला शोधाशोध करायला वेळ नाही. तुझ्याच कॉलेजची नव्या वर्षाची अठ्ठेचाळीस रजिस्टरं परवा बांधून गेली. सगळी मी शिवली. हाताला अजून सरसाचा वास आहे. तुला वाटतं जगात पहिलं वर्ष फक्त तुझंच सुरू होतं. नऊ वर्षांपूर्वी मीही एक कोरी वही घेतली होती, पहिल्या वर्षाचीच. आई गेलेली, बाबांनी विचारलं, एक वर्ष थांबशील का. थांबले. त्या वहीत मी आता गिऱ्हाइकांची मापं लिहिते. एक वर्ष अजून संपायचं आहे. मी कुणाला पत्रं लिहून टोचत बसले नव्हते.

बाबा बरे आहेत. कामात आहेत म्हणून लिहीत नाहीत. मावशीला नमस्कार सांग आणि तिच्या शिलाईयंत्राखाली पण बघ.

लोभ आहे, पण सध्या तो कामात आहे.

ताई

---

६ ऑगस्ट

ती. ताईस, नमस्कार.

बॅग उलटी केली. अस्तर उसवलं. मावशीने बिचारीने यंत्र हलवून खालचा कचरा चाळला, त्यात तिची दोन वर्षांपूर्वीची कात्री सापडली. दाखला नाही. तो इथे आलाच नव्हता, हे तुला माहीत आहे.

आता सरळ लिहिते. मी गेलेलं तुला नको आहे. तू थांबलीस म्हणून मीही थांबावं, आणि आपण दोघींनी मिळून जन्मभर लोकांच्या रजिस्टरांना कणे लावावेत, असं तुला वाटतं. तुला थांबायला मी सांगितलं नव्हतं. मी नऊ वर्षांची होते. तुझ्या त्या वहीचं ओझं माझ्या डोक्यावर ठेवू नकोस.

बाबांना मी तीन पत्रं लिहिली, त्यांची एक ओळ नाही. तू ती त्यांना देतेस तरी का? येत्या शनिवारी मी येते आहे. दुकानाचा एकेक खण मी माझ्या हाताने उपसणार, आणि त्यांच्याशी तुझ्यासमोर बोलणार.

बाकी भेटीत. भेट गोड होणार नाही.

टाचणी

---

९ ऑगस्ट

चि. टाचणीस,

येऊ नकोस. शनिवारी नाही आणि रविवारीही नाही. कॉलेज लागेपर्यंत इकडे फिरकू नकोस.

तुझा दाखला मी कापला. तो उजवीकडे आला होता. कसा आला मला माहीत नाही, पण उजवीकडे जाड कागद दिसला की तो खोक्यात जातो आणि खोक्यातला कागद पट्ट्या होऊन रजिस्टरांच्या कण्यांना आतून अस्तर म्हणून लागतो, हे तुला मी शिकवायला नको. घाई होती, बघितलं नाही. काल खोक्याच्या तळाशी एक कडेची चिंधी मिळाली, तिच्यावर शाळेच्या नावाची दोन अक्षरं होती, तेव्हा कळलं. ती सोबत घातली आहे. म्हणजे तो तुझ्याच कॉलेजच्या अठ्ठेचाळीस रजिस्टरांपैकी कुठल्या तरी तीन-चारांत आहे. फाइल पाठवताना दाखला दिसला नाही, वाटलं तूच घेऊन गेलीस. चूक झाली.

शाळेत जाऊन आले. दुसरी प्रत ऑक्टोबरच्या आधी मिळणार नाही म्हणतात. मी तिथे आवाज चढवला, तर मुख्याध्यापकांनी मला तुझ्यापेक्षा लहान असल्यासारखं बाकावर बसवलं. तुझ्यासाठी हेही झालं.

बाबांचा यात काही संबंध नाही. त्यांना पत्रं लिहून छळू नकोस. तुझी सगळी पत्रं त्यांना मिळतात. शिव्या द्यायच्या असतील तर मला दे, मी इथेच आहे, कुठे जाणार.

ऑफिसातल्या लोकांना सांगून रजिस्टरं उघडता येतात का बघ. सुरी हलक्या हाताने चालव.

ताई

---

१८ ऑगस्ट

ती. ताईस,

नमस्कार वगैरे शेवटी लिहीन, उरला तर.

ऑफिसात एक हेडक्लार्क बाई आहेत. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात. त्यांना मी सांगितलं की माझा दाखला तुमच्या कोऱ्या रजिस्टरांच्या कण्यांत आहे, तर त्यांनी आधी मला पाणी दिलं. मग म्हणाल्या, सव्वीस वर्षांच्या नोकरीत दाखला पाण्यात पडला, जळाला, शेळीने खाल्ला, सगळं ऐकलं, हे पहिलंच. शेवटी त्यांनी अट घातली की जे रजिस्टर उघडेन ते त्याच दिवशी तिथेच पुन्हा बांधून द्यायचं. सहा दिवस मी त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून कणे उसवते आणि शिवते आहे. नव्या मुली प्रवेशाला येतात आणि मला दुरुस्तीवाली समजून त्यांच्या फाटक्या वह्या पुढे करतात. पहिल्या वर्षाची सुरुवात मी अशी करेन असं वाटलं नव्हतं.

एकतीस रजिस्टरं उघडल्यावर चार पट्ट्या मिळाल्या. एकीवर शाळेचं नाव, एकीवर माझी जन्मतारीख, एकीवर मुख्याध्यापकांची सही. ‘वर्तणूक उत्तम’ ही ओळ सगळ्यात शेवटी सापडली. वाफेवर धरून सोडवल्या, तू पाठवलेल्या चिंधीसकट पातळ कागदावर जोडल्या. मावशीने इस्त्री फिरवली. दाखला पुरा झाला, एक कोपरा सोडून. खाली उजवीकडचा, शाळेचा उठावाचा शिक्का असतो तो कोपरा. बाई म्हणतात, बाकी फाटलेलं, चिकटवलेलं मी साहेबांकडून मंजूर करून आणीन, पण शिक्क्याशिवाय हा नुसता कागद आहे.

आता नीट वाच. तो कोपरा फाटलेला नाही. शिक्क्याच्या चारी बाजूंनी, जपून, सरळ सुरीने चौकोन काढून घेतलाय. कण्यात उठावाचा कागद गेला तर तिथे गाठ येते आणि शिवण सुटते, म्हणून शिक्का आधी काढायचा, हे बाबांनी आपल्या दोघींना अंगठा धरून शिकवलं होतं. ज्याने हा कागद कापला त्याला तिथे शिक्का आहे हे माहीत होतं. ज्याला शिक्का माहीत त्याला दाखला माहीत. घाई होती, बघितलं नाही, असं तू लिहिलंस. तू बघितलंस. बघून, शिक्का बाजूला काढून, मग माझ्या चार पट्ट्या केल्यास. तेरा दिवस उरलेत. मी तुझं तोंड पुन्हा पाहणार नाही.

नमस्कार उरला नाही.

टाचणी

---

२१ ऑगस्ट

चि. टाचणीस,

मी दाखला कापलेला नाही. मागच्या पत्रात खोटं लिहिलं. आता खरं लिहिते, विश्वास ठेवायचा तर ठेव.

बाबांना गेल्या हिवाळ्यापासून दिसत नाही. म्हणजे उजेड कळतो, माणूस कळतो, अक्षर कळत नाही. तू परीक्षेत बुडालेली होतीस, तुझ्या लक्षात आलं नाही, आणि येऊ नये म्हणून मी झटत होते. दोऱ्याचं काम मी करते. कापायचं ते अजून स्वतःच करतात, बोटांनी माप घेऊन, एकदाही चुकत नाही. तुझी फाइलही त्यांनी अशीच बांधली. तुझी पत्रं मीच त्यांना वाचून दाखवते. चिंधी सापडली तेव्हा मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, कागद उजवीकडे लागला हाताला, काय आहे ते दिसलं नाही. मी विश्वास ठेवला. तुला खरं सांगितलं असतं तर तू कॉलेज सोडून धावत आली असतीस, म्हणून माझं नाव पुढे केलं. मला शिव्या देत का होईना, तिथेच थांबावंस.

काल तुझं पत्र आलं. नेहमीसारखं मोठ्याने वाचायला घेतलं. शिक्क्याच्या ओळीवर आले आणि माझा आवाज बंद झाला. ते खळ लावत होते. त्यांचा हातही थांबला. चाळीस वर्षं कागदात घालवलेल्या माणसाला दाखल्याचा कागद डोळे मिटून कळतो, शिक्का तर कळतोच. हे मला त्याच दिवशी सुचायला हवं होतं.

आणखी एक आहे, तेही लिहून टाकते, नाहीतर कुजेल. चिंधी हातात आली तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं होतं. म्हटलं, आता हीसुद्धा थांबेल. एक क्षणच, पण वाटलं. माझ्याबद्दल तू जे लिहिलंस त्यातलं तेवढं खरं आहे. बाकीचं परत घे.

ताई

---

२२ ऑगस्ट

चि. टाचणीस,
आशीर्वाद लिहायचा हक्क राहिलाय की नाही ते तू ठरव.

पुठ्ठ्याची पट्टी ओळीखाली धरून लिहितो आहे. ओळ ओळीवर चढली तर सोडवून वाच. थोरलीला हे पत्र दाखवलेलं नाही.

तुम्ही दोघी मला आंधळा समजता ते ठीक आहे, पण मी बहिरा नाही. थोरली पत्र वाचताना जिथे थांबते, तिथे तू काय लिहिलंस ते मला न वाचताच कळतं. तिने माझं पाप स्वतःच्या नावावर घेतलंय हेही मला पंधरा दिवस माहीत आहे. मी तिला घेऊ दिलं. तू तिला वाटेल ते बोललीस, मी खळ लावत ऐकत होतो.

तू दाखला डावीकडेच ठेवला होतास. मी उजवीकडे नेला. चष्म्याची डबी उचलली, अंगठा फिरवला, शिक्का लागला, आणि हे काय आहे ते मला स्वच्छ कळलं. तुझी फाइल त्याच दिवशी पुरी झाली होती. ती बांधताना मी खरंच खूश होतो. ती पुरी झाली आणि मला कळलं की आता तू जाणार. दुकानात अंधार होणार, आणि तो फक्त माझ्या डोळ्यांपुरता नसणार. मी घाबरलो. वय झालेला माणूस एवढा घाबरतो हे मला माहीत नव्हतं.

थोरलीला मी विचारलं होतं आणि ती थांबली. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. म्हणून विचारलं नाही, कापला. यापुढे मला सबब नाही.

शिक्का मात्र कण्यात घातला नाही. कामाची सवय म्हणून काढला, असं स्वतःला सांगत होतो. पण काढलेला कोपरा रद्दीत टाकतात, आणि मी तो चष्म्याच्या डबीत ठेवला. रोज उघडून बोट फिरवून बघायचो. पाठवायचा धीर कालपर्यंत झाला नाही. सोबत पाठवतो आहे. कडा सरळ आहेत, सांधा दिसणार नाही.

थोरलीशी बोल. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल.

बाबा

---

३ सप्टेंबर

ती. बाबांस, नमस्कार.

ताई, हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव आणि मध्ये थांबू नकोस.

कोपरा २५ तारखेला मिळाला. हेडक्लार्क बाईंसमोर बसवला. सांधा खरंच दिसत नाही. बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेऊन दोनदा पाहिला, मग साहेबांची सही आणली. प्रवेश पक्का झाला.

काल पहिला दिवस होता. पहारेकऱ्याने ‘आज आहे’ म्हणून दार उघडलं. भूगर्भशास्त्राच्या खोलीतली बाकीची चौदा कपाटं बघितली. सर आले, नवं रजिस्टर टेबलावर उघडलं, आणि ते पहिल्याच पानाला सपाट बसलं. एकतिसातलं एक होतं, मी पुन्हा शिवलेलं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी कण्याकडेच बघत होते, त्यामुळे ‘हजर’ दोनदा म्हणावं लागलं.

बाबा, मी तुम्हाला माफ केलेलं नाही. हे रागाने लिहीत नाही, राग गेल्या आठवड्यात संपला. त्या डबीत ठेवलेल्या कोपऱ्याचा विचार केला की मला तुमची दया येते, आणि लगेच आठवतं की तो तिथे होता तेव्हा मी कणे फाडत होते आणि ताई माझ्या शिव्या खात होती. त्या दिवसांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. कळेल तेव्हा लिहीन. तोवर मावशीने इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे १४ तारीख घेतलीय. तुम्ही यायचं आहे. मी स्टँडवर न्यायला येईन, फार बोलणार नाही.

ताई, ‘तोंड पाहणार नाही’ लिहिलं होतं ते परत घेते. ‘तू बघितलंस’ हेही. तुला क्षणभर बरं वाटलं ते राहू दे, मला ते समजतं. मी तुझ्या जागी असते तर दोन क्षण वाटलं असतं.

आता बाबांसाठी शेवटचं. ताईचा दाखला कपाटात वरच्या खणात आहे, आईच्या शालीखाली, नऊ वर्षं घडी न मोडलेला. तो आज काढा. बोटांनी ओळखाल. शिकंज्याच्या डावीकडे ठेवा आणि वर तुमची चष्म्याची डबी ठेवा. तिला काही विचारू नका. या वेळी ती काय म्हणते तेवढं फक्त ऐका.

थांबलीस ना, ताई? मला वाटलंच. सही राहिली आहे, ती वाच.

तुमची दोघांची,
टाचणी